वाळवण्याचे पैसे कोण देणार?

१९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने खास अधिवेशनात ठराव केला, की काढणीनंतर होणारी अन्नाची नासाडी १९८५ पर्यंत निदान निम्म्यावर आणायची. १९८५ आलं आणि गेलं. २०१४ मध्ये आफ्रिकी संघाच्या देशांनी इक्वेटोरियल गिनीतल्या मलाबो शहरात पुन्हा हाच निम्म्याचा संकल्प सोडला, मुदत २०२५. तीही उलटली. मधल्या काळात, २०१५ साली, जगाने शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यातलं १२.३ क्रमांकाचं कलम नीट वाचलं की एक गोष्ट खटकते. दुकानात आणि घरात वाया जाणारं अन्न २०३० पर्यंत निम्मं करायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शेतापासून बाजारापर्यंत होणाऱ्या नासाडीबद्दल मात्र ती ‘कमी करायची’ एवढंच आहे. किती कमी, याचा उल्लेख नाही. दोनदा निम्म्याची भाषा करून झाल्यावर आपण आकडा द्यायचंच सोडून दिलं.

या अपयशाचं खापर बहुतेक वेळा दोन गोष्टींवर फोडलं जातं. शेतकऱ्याला शास्त्रीय माहिती नाही, ही एक. गोदामं आणि शीतगृहं पुरेशी नाहीत, ही दुसरी. मग पहिलीवर उपाय म्हणून प्रशिक्षणाची शिबिरं भरतात आणि दुसरीवर उपाय म्हणून इमारती उभ्या राहतात. दोन्ही गोष्टी लागतात, हे मान्य. पण माझ्या मते मूळ अडचण वेगळीच आहे. माल राखण्यासाठी जो कष्ट आणि पैसा घालतो, त्याच्या पदरात त्याचा मोबदला पडत नाही. मोबदला मिळायला लागला की शेतकरी माहिती कुठूनही मिळवतो. तो मिळत नसेल, तर शिबिरात ऐकलेलं सगळं पटूनही माणूस घरी जाऊन पूर्वीसारखंच वागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एक हिशेब मांडून बघू. शेतकऱ्याकडे १,००० किलो मका आहे आणि त्यात ओलावा २० टक्के आहे. म्हणजे २०० किलो पाणी आणि ८०० किलो कोरडा दाणा. साठवणीत टिकायचा तर हा मका १४ टक्क्यांच्या खाली न्यायला हवा. नुसता १४ वर आणला तरी वजन उरतं सुमारे ९३० किलो. सत्तर किलो उन्हात उडून गेले. आता खरेदीदार ओल्या आणि वाळलेल्या मालाला एकच दर देत असेल, तर या शेतकऱ्याने मन लावून काम करून सत्तर किलोंचे पैसे घालवले. वर ताडपत्रीचा खर्च, मजुरी, दिवसभर पुन्हा पुन्हा दाणे उलथायचे, आभाळ भरून आलं की पळत जाऊन गोळा करायचे, रात्री राखण करायची. वाळवलेल्या मालाला किलोमागे साडेसात टक्के जास्त दर मिळाला, तर तो जिथून निघाला तिथे परत येतो. कष्टांचं मोल त्यात धरलेलंच नाही. शेजाऱ्याने तोच मका खळ्यावरून ओलाच घातला, पैसे घेतले आणि मोकळा झाला. या दोघांत शहाणा कोण, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नसते.

ओला माल पुढे कुठे जातो? व्यापाऱ्याच्या गोदामात, तिथून दुसऱ्या वाहनात, तिथून गिरणीत. प्रत्येक जण तो लवकरात लवकर पुढे ढकलायला बघतो, कारण तो आपल्या हातात असताना तापू नये. ढिगातलं ओलं धान्य श्वास घेत राहतं, त्याने ऊब निर्माण होते, उबेने बुरशी आणि कीड वाढते आणि त्यांच्या वाढीने ऊब आणखी वाढते. हात घातला तर चटका बसेल इतका ढीग आतून तापलेला असतो. पण दर व्यवहारात वजन तेवढं होतं, ओलावा मोजला जात नाही, म्हणून हे नुकसान शेवटी कुणाच्या तरी नावावर पडेपर्यंत कागदावर दिसतच नाही.

अमेरिकेसारख्या देशांत मक्याच्या खरेदीच्या ठिकाणी वजनकाट्याजवळच ओलावा मोजतात. दर ठरतो तो साधारण १५ टक्के ओलावा धरून, आणि त्यावरच्या ओलाव्याला कपात लागते. तिथला शेतकरी जात्याच काटेकोर आहे, असं काही नाही. आपल्या वाळवण्याचा पैसा पावतीवर उमटतो, हे त्याला माहीत असतं. मग घरी ड्रायर घ्यायचा, की कपात सोसून ओलाच घालायचा, हे तो आकडे बघून ठरवतो.

शेतकऱ्याला ओलावा ओळखता येत नाही, हे म्हणणंही मला पटत नाही. दाणा दाताखाली धरून त्याच्या आवाजावरून अंदाज घेणं तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याहून पक्की खूण हवी असेल तर काचेची कोरडी बाटली आणि साधं मीठ पुरतं. बाटली एक तृतीयांश धान्याने भरायची, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाकायचं, झाकण लावून मिनिटभर हलवायची आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. सगळं खाली पडलं तर धान्य त्याहून कोरडं आहे. घरी साठवण्यापुरती ही परीक्षा उत्तम. पण ती बाटली घेऊन शेतकरी व्यापाऱ्यापुढे उभा राहिला तर तिला काय किंमत? म्हणूनच मापन खरेदीच्या जागी व्हायला हवं, दोघांच्या डोळ्यांसमोर, आणि मापकाची तपासणी वजनकाट्यासारखीच तिसऱ्या कुणीतरी करायला हवी. वजनात मारलेलं माप फसवणूक ठरतं. ओलाव्यात मारलेलं माप का ठरू नये?

काढणीच्या वेळचं नुकसानही या हिशेबाबाहेर नाही. भात साधारण २० ते २५ टक्के ओलाव्याला कापायला येतो. तो शेतात तसाच उभा राहिला की दाणे झडतात, पाखरं खातात, आणि रात्रीच्या दवाने भिजून दिवसा उन्हाने तडकलेला दाणा आतून चिरतो. ही चीर शेतात दिसत नाही. गिरणीत भरडताना तांदळाचे तुकडे पडतात तेव्हा कळतं. मग शेतकरी वेळेवर का कापत नाही? कारण मजूर आणि यंत्र त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवं असतं आणि त्याचा नंबर उशिरा लागतो. यंत्राचं भाडं क्षेत्रावर ठरत असेल, तर चालकाचा फायदा जितक्या लवकर शेत उरकेल तितका. तो यंत्र पळवतो. मळणीच्या ड्रमचा वेग गरजेपेक्षा जास्त ठेवला तर दाणा फुटतो, कमी ठेवला तर कणसात राहतो. वेग नीट लावून घ्यायला थांबावं लागतं, आणि थांबण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. फुटलेल्या दाण्यात कीड आणि बुरशी सहज शिरते, त्याचं नुकसान चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी कोठीत दिसतं. पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या हमालाने ते फेकू नये, अलगद ठेवावं, अशी अपेक्षा करणंही तितकंच निरर्थक आहे.

घरातही हेच चालतं. बऱ्याच ठिकाणी सोलणं, निवडणं, वाळवणं, कोठी सारवून ठेवणं ही कामं बायका करतात आणि विक्रीचे पैसे पुरुषांच्या हातात येतात. वाळवणीचं नवं तंत्र शिकवायला बोलावतात तेही बहुधा पुरुषांना. ज्या हातांवर कामाचा बोजा वाढणार, त्या हातांना त्यातून काय मिळणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठलंही तंत्र घरात टिकत नाही.

आता थोडं आकड्यांविषयी, कारण आकड्यांनी या चर्चेचं बरंच नुकसान केलंय. ‘जगातलं एक तृतीयांश अन्न वाया जातं’ हे वाक्य २०११ च्या एका अहवालापासून जगभर फिरतंय. तो अहवाल जागतिक अन्न व कृषी संघटनेचा. त्या आकड्यात शेतातली गळ आणि श्रीमंत घरातल्या ताटात टाकलेलं अन्न एकत्र मोजलं होतं. २०१९ साली याच संघटनेने दोन्ही वेगळं केलं, तेव्हा काढणीनंतर किरकोळ दुकानापर्यंत पोचण्याआधी होणारी नासाडी सुमारे १४ टक्के निघाली. त्यानंतरही हा आकडा फारसा हललेला नाही. पिकानुसार तो बराच वेगळा निघतो. युगांडा, टांझानिया आणि मलावी या देशांत शेतकऱ्यांनाच विचारून केलेल्या पाहणीत मक्याचं घरपातळीवरचं काढणीनंतरचं नुकसान १.४ ते ५.९ टक्के निघालं. ही पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातल्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तृणधान्यांचं नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के होतं, तर फळांचं ६.७० ते १५.८८ टक्के.

हे आकडे लहान म्हणून प्रश्न लहान, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सरासरीत वाईट वर्ष दडून जातं. काढणीच्या ऐन वेळी आठवडाभर पाऊस लागला की एखाद्या कुटुंबाचं निम्मं धान्य काळं पडतं, आणि त्या कुटुंबाला सरासरीचं काही देणंघेणं नसतं. पण ‘एक तृतीयांश’ या घोषणेने लोकांच्या मनात चित्र असं उभं केलं, की शेतकरी धान्य सडू देतो आणि मोठ्या गोदामांनी ते वाचेल. नेमकं कुठे, कोणत्या पिकाचं, कोणत्या टप्प्यावर किती जातं, हे मोजायचं कंटाळवाणं काम मागे पडलं.

शिवाय वजनात न मोजली जाणारी नासाडी सगळ्यांत घातक आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. शोध घेत गेल्यावर कारण सापडलं ते त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने विष तयार केलं होतं. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आता निःसंशय सिद्ध झालाय. २००४ मध्ये केनियात हेच विष पोटात गेल्याने ३१७ जण आजारी पडले आणि त्यांतले १२५ दगावले. त्यांनी खाल्लेला मका बराचसा घरचाच होता, ओलसर जागी साठवलेला. हे विष घरच्या शिजवण्याने जात नाही. दाणा वरून स्वच्छ दिसत असूनही आत ते असू शकतं. म्हणजे वजनाच्या हिशेबात त्या धान्याची नासाडी शून्य. ते पुरतं खाल्लं गेलं, आणि तेच वाईट झालं.

इथे माझ्या मुद्द्याला दुसरी बाजू येते. दुर्गंधी, काळपट दाणे, कीड यांची शिक्षा बाजार निदान थोडीफार देतो, कारण ती डोळ्यांना दिसतात. अफ्लाटॉक्सिन दिसत नाही, म्हणून ते टाळणाऱ्याला बाजार एक पैसाही जास्त देत नाही. श्रीमंत देशांत आयातीच्या वेळी कडक तपासणी होते. त्यात नापास झालेला माल जिथे तपासणी नाही तिथल्या लोकांच्या ताटात जाण्याचा धोका मोठा. ज्या वस्तूचा दर्जा ग्राहकाला दिसत नाही, तिथे सरकारने पैसा घालायलाच हवा. पिण्याच्या पाण्याची तपासणी आपण लोकांच्या मर्जीवर सोडत नाही. मग मका आणि भुईमूग वेळेत वाळवण्याचा खर्च केवळ शेतकऱ्याच्या मर्जीवर का सोडायचा?

साठवणीच्या बाबतीत मात्र काही गोष्टी खरोखर चांगल्या झाल्यात, आणि त्या का झाल्या हे बघण्यासारखं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी कॅमेरूनमधल्या चवळीच्या शेतकऱ्यांसाठी काम करत होते. चवळीतला भुंगा काही महिन्यांत पोत्याची चाळण करतो. त्यांनी साधा मार्ग काढला: जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, बाहेरून नेहमीचं विणलेलं पोतं, आणि प्रत्येक पिशवीचं तोंड वेगवेगळं घट्ट बांधायचं. आतल्या किड्यांनी श्वासाबरोबर प्राणवायू संपवला की त्यांचं खाणं थांबतं, प्रजनन थांबतं, आणि ते मरतात. औषध नाही, धुरी नाही. ही तीनपदरी पोती पुढे बऱ्याच देशांत पसरली. तसंच १९८३ मध्ये होंडुरासमध्ये स्वित्झर्लंडच्या मदतीने पत्र्याच्या कोठ्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर शेजारच्या देशांत गेला. तिथे कोठ्या फुकट वाटण्यापेक्षा गावोगावच्या पत्र्याच्या कारागिरांना त्या बनवायला शिकवण्यावर भर दिला गेला. कारागीर त्या विकून पोट भरू लागले, म्हणून प्रकल्प संपल्यावरही कोठ्या बनत राहिल्या. दोन्हीकडे वापरणाऱ्याला फायदा त्याच हंगामात हातात मिळाला. चवळी चार महिन्यांनी चढ्या भावाने विकता आली, किंवा घरच्या खाण्याला पुरली.

पण हवाबंद पोत्यात किंवा पत्र्याच्या कोठीत ओलं धान्य भरलं, तर ते उघड्यावरच्यापेक्षाही लवकर बिघडू शकतं. दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने कोठीतली वाफ वरच्या थराला जाऊन थिजते आणि तिथला दाणा कुजतो. म्हणजे साठवणीचं कुठलंही साधन वाळवण्याच्या नंतरचं. अनुदानाच्या योजनांत क्रम नेमका उलटा असतो. कोठी मिळते, गोदामाला पैसा मिळतो, वाळवण्याची सोय कुणाच्या यादीत नसते. कोठीचा फोटो चांगला येतो, हे एक कारण असावं.

साठवणीची सोय असूनही शेतकरी सुगीतच का विकतो, याचंही उत्तर पैशात आहे. काढणी झाली की देणेकरी दारात असतात, मुलांच्या फिया भरायच्या असतात. केनियात अर्थशास्त्रज्ञ मार्शल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शेतकऱ्यांना सुगीच्या वेळी छोटं कर्ज दिलं. ते मिळाल्यावर त्यांनी मका लगेच विकला नाही, ठेवला आणि नंतर चढ्या भावात विकला. ज्या भागात बऱ्याच जणांना असं कर्ज मिळालं, तिथे हंगामातला भावांचा चढउतारही कमी झाला, आणि त्याचा फायदा कर्ज न घेतलेल्यांनाही पोचला. गोदाम बांधून जे झालं नसतं ते थोड्या रोकड पैशाने झालं. धान्य तारण ठेवून सुगीत कर्ज मिळणं, ही नासाडी रोखण्याची योजना आहे, असं कृषी खात्यांना वाटायला हवं. आज ते काम बँकांचं समजलं जातं, आणि बँका लहान शेतकऱ्याच्या चार पोत्यांकडे बघत नाहीत.

फळं-भाज्यांचा हिशेब जास्त घाईचा आहे. तोडल्यानंतरही फळ श्वास घेतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. दुपारच्या उन्हात तोडून तसंच रचलेलं फळ शीतगृहाच्या दारात पोचेपर्यंत आपलं बरंचसं आयुष्य जगून झालेलं असतं. सकाळी तोडणं, सावलीत ठेवणं, खोल पाटीऐवजी उथळ क्रेट वापरणं यांनी बरंच साधतं. शिवाय थंडी सगळ्यांना सारखी मानवत नाही. केळं १३ अंशांच्या खाली काळं पडतं, टोमॅटोलाही फार गारवा बाधतो, बटाट्याला आधी उबदार दमट हवेत साल जुळून यायला वेळ द्यावा लागतो, कांद्याची मान सुकावी लागते. सगळ्यांना एकाच खोलीत कोंडणारं शीतगृह नवा तोटा घडवतं. क्रेटचं म्हणाल तर तो फायद्याचा आहे हे सगळ्यांना कळतं, पण रिकामा क्रेट शेतापर्यंत परत कोण आणणार, हे ठरलेलं नसलं की दुसऱ्या हंगामात माल पुन्हा पोत्यात भरला जातो आणि तळाचं फळ चेपतं. इथेही क्रेटपेक्षा परतीच्या भाड्याची व्यवस्था जास्त महत्त्वाची.

माझ्या भूमिकेवर एक आक्षेप गंभीर आहे. नासाडी कमी झाली तर बाजारात माल वाढेल, भाव पडतील, आणि ज्या शेतकऱ्यासाठी हे सगळं करायचं तोच भरडला जाईल. यात तथ्य आहे. काही पिकांच्या बाबतीत वाचवलेल्या मालाचा मोठा फायदा खाणाऱ्याला मिळतो, पिकवणाऱ्याला कमी. पण याचा अर्थ नासाडी होऊ द्यावी, असा कसा होईल? फायदा खाणाऱ्यांचा असेल, तर खर्चातही त्यांचा वाटा हवा, आणि तो सार्वजनिक पैशातूनच येऊ शकतो. दुसरं म्हणजे, सगळी नासाडी शून्यावर आणणं परवडत नाही, हेही मान्य करावं लागेल. एक किलो धान्य वाचवायला दोन किलोंचा खर्च येत असेल, तर ते सोडून द्यावं. पण आज वाळवण्याच्या टप्प्यावर आपण त्या हद्दीच्या जवळपासही नाही. तिथे थोड्या खर्चात पुष्कळ वाचतं, आणि तो थोडा खर्च नेमका त्यालाच करावा लागतो ज्याला त्यातून काही मिळत नाही.

पुढचा जागतिक संकल्प जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात टनांबरोबर आणखी तीन गोष्टी मोजल्या जाव्यात. किती खरेदीकेंद्रांवर शेतकऱ्यासमोर ओलावा मोजून कोरड्या वजनावर पैसे दिले जातात. पावसाळी काढणीच्या प्रदेशांत किती गावांना चालण्याच्या अंतरावर भाड्याचा ड्रायर किंवा वाळवायचं पक्कं, छप्पर असलेलं खळं आहे. आणि सुगीत किती लहान शेतकऱ्यांना माल न विकता पैसे उभे करता येतात. पहिल्या गोष्टीला व्यापाऱ्यांचा विरोध होईल, कारण ओलाव्यातल्या संदिग्धतेवर बऱ्याच जणांचं पोट चालतं. तो विरोध पत्करायची तयारी असलेल्या एखाद्या सरकारने एका पिकापासून, एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी. ओलावामापकाला फार पैसे पडत नाहीत, आणि कायदा वजनमापांचा आहेच, त्यात ओलावा घालायचा आहे.